मधला माड

१

होडी खडकाला वळसा घालून आत शिरली आणि प्रेमला जागच्या जागी उभीच राहिली. होडीवाल्याने बसा म्हणून दोनदा सांगितलं, तरी तिचं लक्ष किनाऱ्याकडेच. टेंभीबेटाच्या पंचायत कचेरीपुढे काल पाच माड ओळीने उभे होते. आज चार होते, आणि मधल्या माडाच्या जागी नुसतं आभाळ होतं.

मुरब्याहून होडीने यायचं हे बेट. एका अंगाला माशांच्या होड्या, दुसऱ्या अंगाला नारळ-पानवेलींच्या वाड्या आणि पाठीला टेकडीवरचा आदिवासींचा पाडा. माणसं जेमतेम एका मोठ्या लग्नाला पुरतील एवढी, पण ग्रामपंचायत स्वतंत्र. ती बासष्ट साली झाली आणि आता, सत्त्याऐंशीच्या माघात, तिचा रौप्यमहोत्सव होता. त्यासाठी सरपंचपदाचा इतिहास लिहायचं काम तालुक्याच्या कचेरीने विस्तार अधिकारी प्रेमलाबाईंच्या गळ्यात घातलं होतं. काम कोणाला नको होतं, म्हणून ते बाईमाणसाकडे आलं, हे प्रेमलाला ठाऊक होतं.

या बेटाची एक रीत होती. जो सरपंच होईल त्याने खुर्चीवर बसण्याआधी कचेरीपुढे एक माड लावायचा. जुनी दप्तरं वाळवीने खाऊन टाकलेली, त्यामुळे इतिहास म्हणावा तर तो एवढाच होता, कचेरीपुढे झावळ्या हलवत उभा असलेला.

काल प्रेमलाने कचेरीत बसून नावं विचारली. चालू सरपंच दिनानाथने घडाघडा सांगितली. पहिले त्याचे वडील अण्णा, मग दामू तांडेल, मग नरहरी, आणि आता तो स्वतः. प्रेमलाने खिडकीतून बाहेर बघितलं आणि सहज विचारलं की नावं चार आणि माड पाच कसे. खोलीत तेव्हा तिघेच होते: दिनानाथ, कोपऱ्यात आरामखुर्चीत अण्णा, आणि दारात टेकलेला नरहरी. तिघांनीही ऐकलं. उत्तर कोणीच दिलं नाही. दिनानाथने पाण्याचा विषय काढला, नरहरीने पाणी ओसरतंय, होडी निघेल, अशी आठवण केली आणि प्रेमलाला निघावं लागलं.

आणि आज मधला माड आडवा.

कचेरीपुढे सगळं बेट जमलं होतं, अण्णाही त्यात होते. बुंध्यापाशी ओला भुसा पडला होता, कापलेल्या खोडातून अजून पाणी पाझरत होतं. पडलेल्या झाडाच्या झावळ्या हिरव्यागार होत्या, फक्त शेंड्यात नारळ नव्हते. बोईसरच्या कारखान्यांत मजूर पुरवण्याची ठेकेदारी करणारा दिनानाथ पायात बूट, अंगात सफारी घालून मधोमध उभा होता आणि चोर सापडल्याचं जाहीर करत होता.

"बघितलंत ना मॅडम? उद्या सभापती येणार, आणि आज हे. त्या सोमीनेच पाडलाय. स्वतःच पाडून आता कांगावा करणार. नारळ तिच्याच दारात सापडलेत, ढीगभर. माडावर चढणारा तिचा भाचा जिवल्या. त्याला पहाटेच मुरब्याच्या चौकीत पाठवलाय."

प्रेमलाने विचारलं, ही सोमी कोण आणि हा माड पाडून तिने कसला कांगावा करायचा.

मग गर्दीतून एक म्हातारी, काशीबाई, खाली मान घालूनच म्हणाली, "माड तिचाच हाय, बाय. सोमी सरपंच होती."

२

प्रेमलाच्या डोक्यात तिडीक गेली. सरपंच होती! आणि काल तीन शहाणे पुरुष तिच्यासमोर बसून चार नावं सांगत होते, जणू काही ती बाई वाऱ्याने आली नि वाऱ्याने गेली.

हकिगत तिने काशीबाईकडून काढून घेतली. चौऱ्याहत्तर साली दामू तांडेल वादळात गेला आणि खुर्ची रिकामी झाली. वाडीवाले अण्णांच्या मागे, होडीवाले नरहरीच्या मागे, सदस्य निम्मे निम्मे. दोघेही मागे हटेनात. तेव्हा तोडगा निघाला की राखीव जागेवरून आलेल्या पाड्यावरच्या सोमीला बसवू. बाई अडाणी, सांगू तिथे अंगठा उठवील, आणि आपण पुढच्या वर्षी निकाल लावू. सोमीने रीतीप्रमाणे माड लावला, खुर्चीवर बसली आणि पहिल्याच सभेत विहिरीचा विषय काढला.

बेटावर गोड पाण्याची विहीर एकच, ती अण्णांच्या वाडीत, फाटकाला कुलूप. पाड्यावरच्या बाया खडकातल्या झऱ्याचं मचूळ पाणी प्यायच्या, पोरं पोट धरून रडायची. सोमीने तालुक्याला चार खेपा घातल्या, साहेबाला बेटावर आणलं, ते पाणी प्यायला लावलं आणि विहीर सार्वजनिक करून घेतली. कुलूप तिच्यासमोर निघालं. त्यानंतर तिने नरहरीची जाळी वाळवायची जागा शाळेला घेतली. तेव्हा मात्र जन्माचे वैरी असलेले अण्णा आणि नरहरी एका रात्रीत भाऊ झाले आणि दोघांनी मिळून तिला खुर्चीवरून खाली ओढली. पुढे दामूची मुदत लांबवून सांगायची पद्धत पडली. ऐकणाऱ्याला पाणी त्याच वाडीतून भरायचं असल्यामुळे कोणी उलट बोललं नाही.

विहिरीपाशी आता एक संगमरवरी पाटी कापडाखाली झाकून ठेवलेली होती. प्रेमलाने सरळ कापड उचललं. ही विहीर अण्णासाहेबांनी उदार अंतःकरणाने गावास अर्पण केली, असं त्यावर कोरलेलं होतं. तिने कापड टाकलं आणि हात पदराला पुसले.

मग ती परत बुंध्यापाशी आली. आपण काल एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर असं मिळालं, हे तिला आता नीट उमगलं होतं. सोमीला किंवा जिवल्याला त्या प्रश्नाची वार्ताही नव्हती. वार्ता होती ती त्या खोलीतल्या तिघांना.

ती वाकून जमीन बघू लागली. बुंध्याच्या दोन हातांवर वाळूत दोन खोल खळगे होते, शेजारी शेजारी, चौकोनी. मांडववाल्यांची लाकडी शिडी कचेरीच्या भिंतीला टेकलेली होती. तिने ती ओढत आणली आणि पाय खळग्यांत ठेवले. नेमके बसले.

म्हणजे माडावर कोणी चढलं नव्हतं. शिडी लावली होती. आणि जिवल्याचा गुन्हा काय, तर त्याला माडावर चढता येतं!

हे तिने दिनानाथला तिथल्या तिथे दाखवलं. तो हसला आणि म्हणाला की मॅडम, तुम्ही इतिहास लिहा, तपास करायला सरकारने पोलीस ठेवलेत. उद्या तुमच्या साहेबांना भेटणारच आहे मी, तुमचंही सांगतो.

३

नरहरी त्याच्या होडीपाशी सापडला. अंगाने पिंपासारखा, आवाज दर्यावर कमावलेला. तिने सरळच विचारलं, माड तुम्ही तोडलात का. त्याला राग आला नाही, उलट मजा वाटली.

"ताई, त्या बाईचा नि माझा काय गोड नव्हता, ते समद्यांना ठाव हाय. पन माझी होडी राती दर्यात डोलीच्या जाल्यावर होती, सूर्व्या वर आल्यावर आमी आलो, नऊ मानसं होती संगती. आनि मी तोडला असता, तर नारल दुसऱ्याच्या दारात कशाला नेला असता? आमी नारल दर्याला देतो, नाय तर आमटीत घालतो."

"मग काल गप्प का बसलात? पाचवा माड सोमीचा, हे सांगायला काय जड होतं?"

आता मात्र त्याचं हसू मावळलं. त्याने दोरीचा पीळ उलगडायला घेतला. तिच्यामागनं मी सरपंच झालो, म्हणाला, आणि बाईच्या मागनं आला हे लिहून राहावं असं कोणाला वाटेल. एवढं बोलून तो होडीत चढला.

लाज वाटली म्हणून गप्प बसला, आणि ती लाज बाईला खाली ओढल्याची नव्हती, बाईच्या नंतर बसल्याची होती. प्रेमलाला त्याच्या होडीला एक लाथ घालावीशी वाटली. पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या नऊ खलाशांपैकी दोघांना तिने वेगवेगळं विचारलं आणि दोघांनी तेच सांगितलं.

सोमीचं घर पाड्याच्या पायथ्याशी, अण्णांच्या वाडीच्या कुंपणाला लागूनच होतं. ती दारात बसली होती. पन्नाशीची, काटक, केस ओढून बांधलेले. समोर नारळ होते आणि तिने त्यांना बोटही लावलेलं नव्हतं.

"तू पन इचारायला आलीस का, मीच तोडला म्हनून?" ती म्हणाली.

प्रेमला खाली बसली आणि म्हणाली की नाही, तुम्ही सरपंच होतात ते विचारायला आले.

सोमी बोलायला लागली तेव्हा थांबेना. विहीर उघडल्यावर पहिली कळशी तिने माडाला घातली होती. खुर्ची गेली, त्यानंतर ती कचेरीत कधी गेली नाही, पण माडाला पाणी घालायला रोज जायची. पोरं म्हणायची, सोमीचा माड. आता पोरांना कोणी काय सांगेल?

"जिवल्या बोयसरला कंपनीत हाय. माघाची जत्रा म्हनून आला. त्याला झोपेतून उठवून नेला. का नेता म्हनून इचारला, तर म्हनतात चोर. नारल आमच्या दारात ठेवला, तो चोर आमीच कसा? चोर आपल्या दारात ढीग घालून झोपल का?"

प्रश्न इतका सरळ होता की शहाण्या माणसांना तो सुचलाच नव्हता. प्रेमलाने एक घड उचलला. देठ कोयत्याने एका घावात कापलेला. एकही नारळ फुटलेला नव्हता, एकाही शहाळ्याला ओरखडा नव्हता. वरून टाकले असते तर निम्मे तरी तडकले असते. हे घड दोरीने, एकेक करून खाली सोडले होते. आणि टाकलेले नव्हते, मांडलेले होते, देठ दाराकडे करून.

तिच्या हातातला घड हातातच राहिला. ही मांडणी तिने पूर्वी पाहिली होती.

प्रेमला माहीमची, वाडीवाल्याच्या घरची. तिच्या लहानपणी घर वाढवताना एक फळता माड पाडावा लागला होता. आजोबांनी आधी घड दोरीने उतरवले, झाडापुढे हात जोडले आणि मग करवत लावली. त्यातला एक नारळ त्यांनी घरात येऊ दिला नाही. फळत्या माडाचा जीव घेणाऱ्याने त्याचं फळ खायचं नाही, ज्याने माड लावला त्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवायचं, देठ घराकडे करून. माड लावणारा गडी तेव्हा मेलेला होता, म्हणून नारळ त्याच्या बायकोच्या दारात गेले होते. माहीम, केळवं, माकुणसार, जिथे जिथे वाड्या आहेत तिथल्या जुन्या माणसांचं ते पाप-पुण्य होतं. होडीवाल्यांना ते ठाऊक नाही, पाड्यावर कोणाला ते ठाऊक असायचं कारण नाही.

म्हणजे नारळ चोरून आणलेले नव्हते. ते प्रायश्चित्त होतं. आणि त्या प्रायश्चित्तालाच पुरावा करून एका पोराला चौकीत टाकलं होतं.

त्या रीतीचा आणखी एक भाग होता. पाडणाऱ्याने त्याच दिवशी, सूर्य वर यायच्या आत, आपल्या जमिनीत नारळाचं एक रोप लावायचं. लोक रोपं लावतात पावसाच्या तोंडावर. माघात, कोरड्या मातीत, नारळाचं रोप कोणी शहाणा लावत नाही. या बेटावर आज एक तरी रोप ओल्या मातीत उभं असणार होतं. प्रेमला उठली आणि कुंपणापलीकडे बघू लागली.

४

वाडीच्या फाटकात दिनानाथची बायको शालू भेटली. चहा घ्या म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. ओटीवर दिनानाथ उद्याच्या हारतुऱ्यांचा हिशेब घालत बसला होता. प्रेमलाने चहा घेता घेता त्याला विचारलं की समजा, तुमच्या वाडीतला फळता माड पाडायची वेळ आली, तर नारळांचं काय कराल.

"विकीन. आणखी काय करायचं?" तो म्हणाला. "बोईसरच्या बाजारात शहाळ्याला भाव आहे."

पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. या माणसाला रीत माहीत नव्हती. माहीत असती, तर सोमीच्या दारातले नारळ बघून तो गप्प झाला असता, ओरडत सुटला नसता. त्या ढिगाकडे बोट दाखवून दिनानाथने स्वतःच्या घराकडेच बोट दाखवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

उरला एकच.

वाडी बघते म्हणून ती शालूबरोबर आत गेली. पानवेलींच्या मांडवापलीकडे, विहिरीच्या अंगाला, नारळाचं रोप होतं. आळं ताजं, माती ओली, बुडाशी मीठ आणि राख. प्रेमलाने शालूकडे बघितलं.

शालू हलक्या आवाजात म्हणाली की मामंजींनी पहाटे लावलं. माघात कसं लावता म्हणून तिने विचारलं तर अंगावर ओरडले. रात्रभर ते अंथरुणात नव्हते, आणि सकाळपासून अन्नाला शिवले नव्हते. हे सांगताना तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. तिला सगळं कळलेलं होतं, फक्त विचारणारं कोणी भेटलं नव्हतं.

अण्णा विहिरीच्या काठावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण वाडीला अजून स्वतः पाणी शेंदणारे. खांदे रुंद, हातांना करवतीचे फोड ताजे. प्रेमला समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"माहीमची ना तू? मग तुला कळणारच," ते म्हणाले. "त्या पोरट्यांना काय कळत नाय."

त्यांनी लपवलं नाही, सगळं सांगितलं. काल तिने प्रश्न विचारला. बारा वर्षं कोणी विचारलं नव्हतं. आता पुस्तक छापणार, शाळेत पोरं वाचणार, की अण्णाच्या वाडीचं कुलूप एका वारलिणीने काढायला लावलं. गावाने कधी विरोध केला नाही, त्यामुळे विहीर आपणच दिली असं सांगता सांगता त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. माड उभा होता तोवर कोणीतरी विचारणार. म्हणून माड काढला. पण रीत मोडली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घड उतरवले, हात जोडले, नारळ जिचे तिच्या दारात ठेवले, रोप लावलं.

प्रेमलाने ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"अण्णा, झाडापुढे हात जोडलेत. बाईपुढे जोडलेत का?"

अण्णा वाकून विहिरीत बघू लागले.

"तुम्ही ठेवलेले नारळ दाखवून तुमचा मुलगा तिला चोर म्हणाला. तुम्ही तिथे उभे होतात. जिवल्याला तुमच्या डोळ्यांदेखत नेला. तेव्हा तोंड उघडायला रीत आड आली?"

"दोन दिवसांनी सोडतील त्याला. मी सांगीन."

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही तिची खुर्ची घेतलीत, काल झाड घेतलंत, आज तिचा भाचा. आणि पहाटे एक रोप लावून तुम्हाला वाटतं, फिटलं. असं फिटत नाही, अण्णा. माझ्या आजोबांची रीत तुम्ही अशी वापरलीत, याचा मला जास्त राग आलाय."

अण्णा उठले. रोपाकडे गेले, दोन्ही हातांनी माती उकरून ते गड्ड्यासकट काढलं आणि कुंपण ओलांडून सोमीच्या दाराकडे चालू लागले. प्रेमला मागे गेली. रोप त्यांनी नारळांच्या शेजारी ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाले, हे लाव, त्या जागी.

सोमी रोपाकडे बघतसुद्धा नव्हती.

"तूच काय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "माज्या दारात बोलू नको. हितं कोन नाय ऐकायला. उद्या बोल, समदी असतील तवा. झाड मला नको."

अण्णा परत फिरले. ते उद्या बोलतील की नाही, हे त्यांच्या पाठीवरून प्रेमलाला काही कळलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पालघरहून सभापती आले, गळ्यात हार पडले, शाळेच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. कार्यक्रमात प्रेमलाचं नाव होतं ते रात्रीतून गळलं होतं. इतिहास दिनानाथ स्वतःच वाचणार होता. तिच्या साहेबांनी तिला एका बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही फार ताणू नका, गावचा मामला आहे. प्रेमलाने मनाशी ठरवलं होतं की नाव गाळो वा न गाळो, अण्णा गप्प बसले तर आपण उठायचं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तालुक्याला माणसं कमी नव्हती आणि तिला घाबरायचा कंटाळा आला होता.

दिनानाथने वाचायला सुरुवात केली. पहिले सरपंच अण्णासाहेब. टाळ्या. दुसरे दामू तांडेल. टाळ्या. तिसरे नरहरी.

प्रेमला उठायला आणि अण्णा उठायला एकच गाठ पडली. म्हाताऱ्याने हातानेच तिला बसायला सांगितलं. ध्वनिक्षेपकाकडे गेले नाहीत, जागेवरूनच बोलले, पण आवाज शेवटपर्यंत पोचला.

"तिसरा नरहरी नाय. तिसऱ्या सोमीबाई. पाड्याच्या. विहीर मी दिली नाय, त्यांनी घेतली माझ्याकडून. ती पाटी खोटी हाय." मग दम घेऊन म्हणाले, "आणि माड मी तोडला. जिवल्याने नाय."

दिनानाथ वडिलांचा दंड धरायला धावला, शालूने त्याचा सदरा मागून धरला आणि सोडला नाही. नरहरी जमिनीकडे बघत राहिला. काशीबाईने पदर तोंडाला लावला. पाड्याच्या बाया मांडवाच्या कडेला उन्हात उभ्या होत्या, त्यांना आत बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्यात सोमी होती.

सभापती माणूस राजकारणातला, पण मुरलेला होता. वारा कुठून येतोय ते त्यांना कळलं. ते उठून म्हणाले की माजी सरपंच सोमीबाईंनी पुढे यावं, त्यांच्या हस्ते श्रीफळ वाढवून पुढचा कार्यक्रम करू. कोणीतरी घाईघाईने नारळ आणून तिच्या हातात दिला.

सोमी पुढे आली. टाळ्या पडू लागल्या, तिने त्या संपू दिल्या. अण्णा समोर उभे होते. ते हात जोडत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, पण मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मग ती सभापतींकडे वळली.

"सरपंच म्हनता ना मला? मग सरपंचाचं ऐका. माजा पोर चौकीत हाय. काय केला नाय त्याने, समद्यांनी आता ऐकला. त्याला आनायला होडी पाठवा. तो येल तवर नारल फुटनार नाय, आनि कोन जानार पन नाय."

सभापतींनी घड्याळ बघितलं. साहेबांनी सभापतींकडे बघितलं. दिनानाथ काहीतरी बोलायला लागला, पण त्याचं ऐकायला कोणी वळलं नाही.

नरहरी उठला आणि आपली होडी घेऊन मुरब्याकडे गेला. पाणी ओसरत होतं, परतायला वेळ लागणार हे सगळ्यांना कळत होतं. ऊन चढलं. मांडवातले हार कोमेजले, पोरं पेंगायला लागली. पाड्याच्या बाया एकेक करून आत आल्या आणि पुढच्या सतरंजीवर बसल्या. सभापती रुमालाने मान पुसत बसून होते, साहेब बसून होते, सगळं बेट बसून होतं. सोमीसाठी खुर्ची आणली होती, ती तिने घेतली नाही. हातात नारळ धरून ती उभी होती, आणि ती उभी होती तोवर उठायची कोणाची छाती झाली नाही.